डावा हात

भाऊबीज झाली की उरलेल्या महाराष्ट्रात फराळाचे डबे रिकामे होतात आणि आमच्याकडे नाटकं सुरू होतात. धान कापून झालेलं असतं, खळ्यावर पुंजणे रचलेले असतात, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, लेकीबाळी आणि पाहुणेरावळे येतात. रात्री नऊ-दहाला मांडवात जे नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं. हा हंगाम होळीच्या आसपास उतरतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. नाटक कंपन्यांची पेठ म्हणजे वडसा. माझं गाव सिंदेवाही, चंद्रपूर जिल्ह्यातलं, ताडोबाच्या जंगलाच्या शेजारचं.

अंकाच्या संपादकांनी आवडीच्या संगीताविषयी काही आठवणी लिहा म्हणून फोन केला, तेव्हा मी म्हटलं, बाखवर लिहितो. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग हळूच, "म्हणजे तो जर्मन?" होय, तोच. योहान सेबास्टियन बाख, 1685 ते 1750. सिंदेवाहीच्या माणसानं दंडार, खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांवर लिहावं, फार तर नाट्यगीतावर लिहावं असा समज असतो, आणि त्यात चूक काही नाही. तेही मी ऐकतोच. पण युरोपातलं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, पट्ट्यांच्या वाद्यांसाठी लिहिलेलं बरोक शैलीचं संगीत माझ्या घरात तरुणपणापासून वाजत आलं आहे. ते कुठल्या कॉन्व्हेंट शाळेतून किंवा मुंबईच्या सभागृहातून आलं नाही. ते आलं झाडीपट्टीच्या ऑर्गनच्या वाटेनं.

हा ऑर्गन म्हणजे मोठ्या चर्चमधला उंच नळ्यांचा नव्हे. लाकडी कपाटासारखा दिसणारा, खाली दोन पावट्या असलेला, पायांनी भाता हलवत वाजवायचा. जुनी माणसं त्याला पायपेटी म्हणत. आत पितळेच्या पातळ जिभा असतात, हवेच्या ओढीनं त्या थरथरतात आणि सूर निघतो. समोर ओढायच्या खुंट्या, आणि आवाज फुगवायला गुडघ्यानं ढकलायची पट्टी. एस्टी, मेसन अँड हॅमलिन अशा अमेरिकन कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकात असे ऑर्गन ढिगानं बनवले. मिशनऱ्यांच्या आणि साहेबांच्या सामानाबरोबर ते इकडे आले आणि मराठी संगीत नाटकानं ते उचलले. बालगंधर्वांच्या काळात तर ऑर्गनशिवाय नाटकाला रंग नाही अशी अवस्था होती. पुढे बोलपट आले, मोठ्या मंडळ्या बसल्या, आणि पुण्या-मुंबईचा ऑर्गन नाट्यसंगीताच्या मैफलींपुरता उरला. आमच्याकडे तो कामावरून कधी सुटलाच नाही.

त्याची वाहतूक हे एक प्रकरणच असायचं. नागभीडहून येणाऱ्या छोट्या रेल्वेनं तो स्टेशनात उतरायचा, तिथून बंडीत तणस अंथरून नवरगावला किंवा आणखी आतल्या खेड्यात. वाटेत पाऊस लागला तर भाता फुगायचा. गोदामात ठेवला तर उंदीर कातडं कुरतडायचे. नाटक सुरू व्हायच्या आधी ऑर्गन वाजवणारे मास्तर त्याचं पाठचं फळकूट काढून आत डोकं घालून बसलेले दिसायचे, हातात दाभण आणि सरस. गॅसबत्तीच्या उजेडात त्यांची फक्त पाठ दिसे.

रात्रीच्या वेळी घरी परतायचा प्रश्न नव्हता. वाटेत वाघ. नाटक पहाटेपर्यंत का चालतं याचं हे साधं, व्यवहारी कारण आमच्याकडे कुणीही सांगेल. त्यामुळे मुलांनाही रात्रभर मांडवात बसायची मुभा असे. बाकीची पोरं रंगमंचाकडे बघत, मी ऑर्गनवाल्या मास्तरांच्या उजव्या-डाव्या हातांकडे बघत असे. मुख्यतः डाव्या.

कारण नेहमीच्या पेटीत डावा हात दिसतच नाही. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 मध्ये मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी केली, ती देशभर पसरली, भजनात शिरली, कीर्तनात शिरली. फार सोयीची वस्तू. पण त्या सोयीत वाजवणाऱ्याचा एक हात भात्याला जुंपला गेला. ऑर्गनमध्ये भाता पायांकडे असतो, म्हणून दोन्ही हात मोकळे. आमच्या मास्तरांचा उजवा हात नटाच्या पदाबरोबर चाले. डावा हात षड्ज-पंचम धरून बसे, नट श्वास घ्यायला थांबला की रिकामी जागा भरे, खलनायक आला की खर्जात घुमे, आणि कधीकधी, मास्तर खुशीत असले की, उजव्या हाताशी भांडण काढे. गाणं एकीकडे चाललंय आणि डावा हात खाली स्वतःचंच काही बोलतोय. प्रेक्षकांना ते कळत नसे, पण मला त्याचं वेड लागलं होतं.

त्यांची दुसरी करामत पट्टीची. कुणा नटाची काळी एक, कुणाची पांढरी चार, नटी आणखी वरची. एखाद्याचा घसा बसलेला असला तर तो आयत्या वेळी खाली उतरे. मास्तर मान वर न करता तेच पद दुसऱ्या पट्टीतून धरत. बाराही स्वरांना 'सा' मानून वाजवता आलं पाहिजे, नाहीतर झाडीत ऑर्गन घेऊन येऊ नये, असं ते म्हणत. याच विचारावर बाखनं 1722 मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून पूर्ण केलं होतं हे त्यांना किंवा मला तेव्हा कुठलं माहीत असायला! बाराही स्वरांवरून, शुद्ध गंधाराची एक आणि कोमल गंधाराची एक, अशा बारा दुणे चोवीस जोड्या. प्रत्येक जोडीत आधी एक मोकळी रचना आणि मग एक बांधीव रचना, जिला फ्यूग म्हणतात. वीस वर्षांनी त्यानं आणखी तेवढ्याच जोड्या लिहिल्या. पट्ट्यांची वाद्यं शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांना हे अठ्ठेचाळीस डोंगर आजही चढावे लागतात.

बाख आमच्या गावात आणला तो एका बँकेच्या मॅनेजरनं. बदलीवर आलेले, मूळचे गोव्यातले, साळगावकडचे. अशी माणसं बदली रद्द करून घ्यायच्या खटपटीत असतात. हे मात्र पहिल्याच हिवाळ्यात नाटकाला येऊन बसले, आणि मध्यंतरात आलूबोंडा खायला न जाता ऑर्गनपाशी जाऊन वाकून बघू लागले. लहानपणी चर्चच्या शाळेत त्यांना सूर लिहायला-वाचायला शिकवलेलं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून गोव्यात पॅरिशच्या शाळा काढल्या, त्यात धर्माबरोबर गाणं आणि व्हायोलिन शिकवलं जाई. माझ्याशी ओळख झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाख ऐकलाय का तुम्ही?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "ऐकलाय. शंकर-जयकिशनचं गाणं ऐकलंय ना? मग ऐकलाय."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला पुढे उमगला. हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद जुळवणारे कितीतरी लोक त्याच गोव्याच्या पॅरिश शाळांतून आलेले. सेबास्टियन डिसूझा शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ लिहीत. गाणाऱ्याच्या ओळीखाली व्हायोलिनांची वेगळीच ओळ वाहत असते, ती त्यांची खूण. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी' (1977) मधल्या त्या धमाल गाण्यात त्यांचं नाव प्यारेलाल यांनी गुरूला वंदन म्हणून घातलं, हे आमच्या गावात एकालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा गाण्याखाली दुसरं गाणं ऐकायची सवय रेडिओनं आम्हाला लावलीच होती.

मॅनेजर साहेबांनी मला एक कॅसेट दिली. नव्वद मिनिटांची, घरीच भरलेली, कागदावर निळ्या शाईनं बारीक अक्षर. एका बाजूला ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवादकानं 1955 मध्ये न्यूयॉर्कला वाजवलेली बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'. ती अडतीस-एक मिनिटांत संपते म्हणून पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूवर बसली. गूल्डनं हीच रचना 1981 मध्ये पुन्हा वाजवली, ती एक्कावन्न मिनिटांची. पुढच्या वर्षी तो पन्नासाव्या वर्षी वारला. ती दुसरी मला फार उशिरा मिळाली, आणि जाणते लोक तिचंच जास्त कौतुक करतात. असेल. माझं मत पहिलीलाच. बावीस वर्षांच्या पोराची धाव तिच्यात आहे, आणि पहिलं प्रेम शहाणपणानं बदलत नाही.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला वांडा लांडोव्स्का या पोलिश बाईंच्या हार्पसिकॉर्डवरचे वेचक तुकडे होते. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं वाद्य. पट्टी दाबली की आत एक लाकडी पट्टी वर जाते, तिच्यात बसवलेलं पिसाचं टोक तार छेडतं. जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. विस्मरणात गेलेल्या या वाद्याला विसाव्या शतकात पुन्हा मैफलीत बसवलं ते प्रामुख्यानं या बाईंनी. 1933 मध्ये पॅरिसला त्यांनी हार्पसिकॉर्डवर 'गोल्डबर्ग' पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केली. त्याच सुमारास एडविन फिशर लंडनला त्या अठ्ठेचाळीस जोड्या पियानोवर मुद्रित करत होता. 78च्या तबकड्या, एका बाजूला चार-साडेचार मिनिटं. असलं संगीत खपेल याचा कंपनीला भरवसा नव्हता, म्हणून आधी वर्गणीदार गोळा केले आणि मग तबकड्या काढल्या.

आमच्या भागातल्या एका मालगुजारांच्या वाड्यात भोंग्याचा ग्रामोफोन आणि बालगंधर्वांच्या तबकड्या होत्या. तिथंही तेच. ज्या पदाला थिएटरात वन्समोअर घेत घेत अर्धा तास जाई, ते तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेलं. आणि पाठीमागे, खरखरीच्या आड, ऑर्गन. ऐकू येतो, वाजवणारा कोण ते कित्येक तबकड्यांवर लिहिलेलं नाही.

कॅसेट मी एका दुपारी मास्तरांच्या घरी घेऊन गेलो. पावसाळ्याचे दिवस, नाटकं बंद, मास्तर सायकलीवरून बाजारहाट करणारे साधे गृहस्थ झालेले. टेपरेकॉर्डरमध्ये सेल घातले. सुरुवातीची ती संथ चाल त्यांनी पाय हलवत ऐकली. मग त्या चालीचं पहिलं रूप सुरू झालं आणि दोन हात दोन दिशांना उधळले. मास्तरांनी बिडी विझवली.

"थांब थांब बापू, मागं घे थोडं."

मागं घेतलं.

"याचा डावा हात बी गाते गा!"

या संगीताविषयी मी नंतर बरंच वाचलं, पण याहून नेमकं वाक्य मला कुठे सापडलं नाही. आपल्याकडे एक गाणारा असतो, बाकीचे त्याच्या सोबतीला. आमच्या ऑर्गनचा डावा हात कितीही गुणी असला तरी तो चाकरीत होता. बाखमध्ये उजवं-डावं नाही. 1723 साली त्यानं शिकणाऱ्यांसाठी तीस छोट्या रचनांची वही सजवून लिहिली, तिच्या पहिल्या पानावर हेतूच सांगून टाकला आहे की दोन आवाज स्वच्छ वाजवायला शिका, आणि तेही गाण्याच्या ढंगानं. एका हातानं काही म्हटलं की दुसरा तेच थोडं थांबून म्हणतो, तोवर पहिला पुढे गेलेला असतो. फ्यूग हे त्याचंच वाढलेलं रूप. एक आवाज एक वाक्य टाकतो, दुसरा ते पंचमावरून उचलतो, तिसरा पुन्हा खालून, आणि कुणी कुणासाठी गप्प बसत नाही. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत एका बांधीतल्या बाया गाण्याची ओळ टाकत आणि ती संपायच्या आत धुऱ्यापलीकडच्या बांधीतल्या ती उचलत. पऱ्ह्यांच्या पेंड्या हातात, पाय चिखलात, आणि दोन्हीकडची गाणी हवेत एकमेकांवरून जात. फ्यूग ऐकताना मला तेच आठवतं. संगीतशाळेतल्यांना ही उपमा पटेल न पटेल.

'गोल्डबर्ग'मध्ये तर डाव्या हाताचीच सत्ता आहे. 1741च्या सुमारास छापलेल्या या रचनेत आधी एक चाल आहे, मग तिची तीस रूपं, आणि शेवटी पुन्हा तीच चाल. पण ती तीस रूपं वरच्या सुरावटीवर बांधलेली नाहीत. ती बांधली आहेत खालच्या, डाव्या हाताच्या आधारस्वरांवर. वरची सुरावट पहिल्याच रूपात नाहीशी होते, खालचा पाया शेवटपर्यंत तोच. दर तिसऱ्या रूपात एक आवाज दुसऱ्याच्या मागोमाग त्याच पावलांवर चालतो. काही रूपं दोन मजली, म्हणजे पट्ट्यांच्या दोन रांगांच्या, हार्पसिकॉर्डसाठी आहेत, तिथं दोन्ही हात एकमेकांवरून उड्या मारतात. पियानोला एकच मजला, म्हणून हात एकमेकांत अडकतात. ती अडचण गूल्ड ज्या मजेनं पार करतो ते ऐकण्यासारखं आहे. तो स्वतः डावखुरा होता हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली, आश्चर्य नाही.

या रचनेची एक दंतकथा आहे. ड्रेस्डेनच्या दरबारातल्या एका रशियन वकिलाला रात्री झोप येत नसे. त्याच्याकडे गोल्डबर्ग नावाचा पोरगेला वादक होता. त्यानं वाजवावं आणि मालकाची रात्र सरावी म्हणून बाखनं हे लिहिलं, असं बाखचा पहिला चरित्रकार फोर्केल 1802 मध्ये सांगतो. अभ्यासकांचा यावर फारसा विश्वास नाही. गोल्डबर्ग तेव्हा चौदा वर्षांचा होता, आणि छापील प्रतीवर त्या वकिलाला अर्पण केल्याची ओळही नाही. खरं असो नसो, जागरणाचं संगीत जागरणाच्या मुलखात येऊन पोचलं यात मला एक न्याय दिसतो.

मास्तरांनी आणखी एक गोष्ट पकडली. पियानोच्या मागे कुणीतरी गुणगुणतंय. मला वाटलं कॅसेट खराब. ते म्हणाले, "नाही गा. हा मानूस तोंडानं पद म्हनते, आयक." खरंच होतं. गूल्डची ती प्रसिद्ध खोड, मुद्रण करणारे तंत्रज्ञ तिच्यापुढे हात टेकत. वडिलांनी करून दिलेल्या बुटक्या खुर्चीवर बसून, नाक जवळजवळ पट्ट्यांना लावून तो गात गात वाजवी. मास्तरही ओठातल्या ओठात पद म्हणतच वाजवत. आवाज नटाचा, शब्द नटाचे, पण वाजवणाऱ्याच्या आत ते चाललेलं असावं लागतं. लांडोव्स्काबाईंविषयी मात्र त्यांचं मत चांगलं झालं नाही. "हे बाई तारा तोडते का काय!" असं म्हणून त्यांनी बिडी पुन्हा पेटवली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हार्पसिकॉर्ड खणखणीत लागतो खरा. माझाही कान बसायला बरेच दिवस गेले. आता पियानोवरचा बाख मला कधीकधी जरा जास्तच मऊ वाटतो.

पेटीवर आपल्याकडे जुना राग आहे. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, सूर खिळ्यासारखे ठोकलेले. रवींद्रनाथांनाही ती नकोशी होती. ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये पेटीला दरवाजा बंद केला तो 1971 पर्यंत किलकिलाही झाला नाही. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीचा जादूगार असलेल्या महाराष्ट्राला हे फार लागलं. झाडीत कुणाला पत्ताही नव्हता. इकडे मंडई-मंडईतून पायपेटी वाजतच होती. पेटीवरचे आक्षेप खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. किराणा घराण्याची मींड पेटीत सापडायची नाही. पण ज्या ठोकलेल्या सुरांना आपण दोष म्हणतो, तेच हाताशी घेऊन युरोपातल्या या मंडळींनी तीन-तीन, चार-चार गाणी एकाच वेळी चालवली. मींडेला एकांत लागतो. ही गर्दीची कला आहे, आणि गर्दीतही प्रत्येकाचं बोलणं ऐकू येतं.

बरोकमधला दुसरा आवडता म्हणजे दोमेनिको स्कार्लाती, बाखच्याच वर्षी जन्मलेला इटालियन. साडेपाचशेहून जास्त छोट्या सोनाटा, बहुतेक चार-पाच मिनिटांच्या, खट्याळ. लिस्बनच्या दरबारात तो राजकन्येला शिकवत असे. बँकेचे साहेब त्याच्याविषयी बोलताना, "आमच्या राजाचा पगारी होता तो," असं ऐटीत म्हणत. 1738 मध्ये त्यानं तीस सोनाटांचं पुस्तक पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याला अर्पण केलं. पुढच्याच वर्षी चिमाजी आप्पांनी त्याच राजाची वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा भीमाशंकरला आणि मेणवलीला देवापुढे टांगल्या गेल्या, आजही आहेत. ही माहिती मी साहेबांना दिली तेव्हा ते मनसोक्त हसले. आणि बाख तरुण होता तेव्हा आमच्या चांद्याला राणी हिराई राज्य बघत होती, पतीची समाधी आणि महाकालीचं देऊळ बांधत होती. बाख गेला 1750 मध्ये, पुढच्या वर्षी चांद्याचं गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांनी घेतलं. 'बरोक' म्हटल्यावर लोकांना फार दूरचं काही वाटतं, म्हणून सांगितलं.

जंगलाचाही या संगीताशी संबंध आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांनी जंगलातले डॉक्टर पाहिले आहेत. हेमलकशाला आमटे, गडचिरोलीला बंग. त्यांच्याविषयी बोलताना आफ्रिकेतल्या अल्बर्ट श्वाइट्झरचं नाव हमखास निघतं. पण 1913 मध्ये लांबारेनेच्या जंगलात दवाखाना थाटायला निघालेला हा माणूस त्याआधी युरोपातला नावाजलेला ऑर्गनवादक होता, बाखवर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला होता, हे थोड्यांना ठाऊक असतं. पॅरिसच्या बाख सोसायटीनं त्याला एक पियानो भेट दिला, पायांनी वाजवायच्या पट्ट्या असलेला, आणि दमट हवेपासून, वाळवीपासून वाचावा म्हणून जस्ताचं अस्तर लावलेला. दिवसभर रोगी तपासून रात्री तो त्याच्यावर बसे. 1935-36 मध्ये लंडन आणि स्ट्रासबर्गच्या चर्चमध्ये त्यानं बाखच्या ऑर्गन रचना ध्वनिमुद्रित केल्या. जस्ताच्या अस्तराची युक्ती मी मास्तरांना सांगितली होती. उंदरांवर चालेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या अंतराळात गेल्या. त्यात गूल्डनं वाजवलेली त्या अठ्ठेचाळीसांतली एक जोडी आहे, आणि गोव्याच्या केरीत जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई गेल्या. एकाच तबकडीवर हे दोघं आहेत, यापलीकडे मला भाष्य करायचं नाही.

नव्वदीच्या दशकात झाडीपट्टीच्या रंगमंचापुढे कॅसिओ आला, मग ऑक्टोपॅड. कंपन्यांना दोष कसा देणार? दोन माणसांनी उचलायच्या ऑर्गनपेक्षा काखेत मारायचं वाद्य परवडतं, एका बटणात बासरी, एका बटणात सनई, पावसाची भीती नाही, उंदरांची नाही. पण त्याच वाद्यात आणखी एक बटण असतं. ते दाबलं की ठेका आणि खालचा सगळा आधार आपोआप चालू राहतो. डावा हात पुन्हा रिकामा झाला. हातपेटीत निदान तो भाता तरी हलवत होता.

ऑर्गन अजून पुरता गेलेला नाही. काही कंपन्या नांदीला आणि पदांना तो आवर्जून ठेवतात. आमचे मास्तर गेले. साहेब निवृत्त होऊन गोव्याला परतले. कॅसेटची फीत कधीच ताणली गेली, पण आता कॅसेटचं कामही उरलेलं नाही. नेदरलँड्सची बाख सोसायटी बाखची प्रत्येक रचना नव्यानं चित्रित करून सगळ्या जगाला फुकट दाखवते आहे. झाँ रोंदो नावाच्या तरुणाची हार्पसिकॉर्डवरची 'गोल्डबर्ग' तिथं आहे, मी ती सिंदेवाहीत मोबाइलवर बघतो. हात कसे एकमेकांवरून जातात ते आता डोळ्यांनाही दिसतं. 2012 मध्ये किमिको इशिझाका या पियानोवादिकेनं तर 'गोल्डबर्ग' वाजवून तिचे सगळे हक्कच लोकांना देऊन टाकले.

पावणेतीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या एका माणसाच्या संगीताची जगानं एवढी निगा राखली आहे. आणि ज्या माणसामुळे मला ते कळलं त्याच्या वाजवण्याचं एक मिनिटही माझ्याकडे नाही. झाडीपट्टीकडे आता लक्ष जाऊ लागलं आहे. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा इकडे दिवाळीसारखा आनंद झाला. नटांची नावं पोस्टरवर असतात, लेखकांची असतात. मांडवात खाली बसून वाजवणाऱ्यांची नावं पोस्टरच्या तळाला, ती पण सगळी नाहीत.

पण ध्वनिमुद्रणं मुळीच नाहीत असं मला वाटत नाही. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत मंडईच्या रात्री रंगमंचाच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून नाटक भरून घेणारे हौशी लोक गावोगाव होते, मी ते पाहिले आहेत. त्या कॅसेटी कुठेतरी कपाटावर, पेटाऱ्यात, धानाच्या कोठीमागे पडल्या असतील. वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी कॅसेट असेल तर ती भंगारात घालू नका. वाजवून बघायची घाई करू नका, जुनी फीत तुटते. जवळच्या शहरात कॅसेटवरून संगणकात उतरवून देणारे अजून मिळतात, त्यांच्याकडे द्या, आणि एक प्रत एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात ठेवा. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे, या दोन जिल्ह्यांचंच आहे, त्यांनी अशा आवाजांचा संग्रह करायला घेतला तर आमच्यासारखे पुष्कळ लोक मदतीला येतील. कॅसेटच्या खोक्यावर नाटकाचं आणि गावाचं नाव बहुधा असेलच. घरातल्या जुन्या माणसांना विचारून त्याखाली ऑर्गन कुणी वाजवला तेवढं लिहा.